नकाशा हवा की अंतर? ऑफ-रोड बाईकवर जीपीएस युनिट बसवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण ठाण्यातलं. घोडबंदर रोडला राहणारा, ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करणारा पस्तिशीतला एक रायडर. इथे त्याला नुसतं ‘मालक’ म्हणू. बाईक दोनशे सीसीची, फ्युएल इंजेक्शनवाली. स्पोकची चाकं, पुढचं २१ इंची, मागचं १८. पुढच्या चाकाला सिंगल चॅनल एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. आठवडाभर ती ऑफिसच्या फेऱ्या मारते आणि सुटीच्या दिवशी मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर जाते. येऊर घरापासून जवळ आहे खरं, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे बाईक घालण्याचा प्रश्नच नव्हता.

आदल्या पावसाळ्यापर्यंत सगळा कारभार हँडलवरच्या मोबाईलवर चालायचा. पाऊस सुरू झाला की स्क्रीनवरचे थेंबच बोटं फिरवल्यासारखे नकाशा इकडेतिकडे सरकवायचे. चार्जिंगच्या खाचेत पाणी गेलं की फोन चार्ज व्हायला नकार द्यायचा. टोकावड्याच्या पुढे नेटवर्क कधी असायचं, कधी नाही. वर सिंगल सिलिंडर इंजिनाची थरथर. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. मालकाचा फोन दुसऱ्या कंपनीचा, पण थरथर तीच.

त्यात त्याने मुरबाड भागातल्या एका हौशी टीएसडी रॅलीत नाव दिलं. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब. सर्वात जोरात जाणारा इथे जिंकत नाही. आयोजकाने ठरवलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी जो पोचतो तो जिंकतो. रस्ता कळतो तो रोडबुकवरून. रोडबुकात चौकटीमागून चौकट, प्रत्येक चौकटीत अंतराचा आकडा आणि वळणाचं बाणाचं चित्र: १२.३५ किलोमीटरला डावीकडे, १२.६० ला विहिरीनंतर उजवीकडे.

या तयारीसाठी त्याने एक परदेशी बनावटीचं युनिट वापरलेलं विकत घेतलं. त्यात जीपीएस, वेग, अंतर, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि तापमान, सगळं एकाच पडद्यावर. सोबत चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर, त्यासाठी चाकावर लावायचा मॅग्नेट, आरपीएमची वायर आणि स्पार्क प्लगखाली बसणारी तापमानाची चकती. हे युनिट मुळात बंद मैदानात चालवायच्या स्पर्धेच्या बाईकसाठी बनवलेलं. तिथे नंबरप्लेट नसते, एबीएस नसतं आणि आरटीओही नसतं. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ यातच होतं.

अडचण

वागळे इस्टेटमधल्या ज्या गॅरेजात काम व्हायचं होतं तिथे पहिल्या दिवशी झालेलं बोलणं लक्षात राहण्यासारखं आहे. वायरिंगचं काम करणारे काका गाड्यांच्या इलेक्ट्रिकलमध्ये मुरलेले. त्यांनी विचारलं, “जीपीएस बसवायचाय म्हणजे ट्रॅकर ना? रिक्षाला लावतात तो?” त्या भागात जीपीएस म्हटलं की ट्रक-टेम्पोचा ट्रॅकरच समोर येतो. मालकाने युनिट दाखवलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “याच्याकडून तुम्हाला नेमकं काय पाहिजे?”

मालक म्हणाला, “नकाशा.”

खरं तर त्याला नकाशा नको होता, निदान रॅलीपुरता तरी नको होता. रोडबुकवाल्याला लागतं अंतर, तेही दहा-वीस मीटरच्या नेमकेपणाने. बाईकच्या मूळ मीटरवरचा ट्रिप शंभर मीटरच्या टप्प्याने पुढे सरकतो. शंभर मीटरमध्ये गावाकडच्या रस्त्याला तीन वळणं लागू शकतात. या कामात माझ्याकडे मोजमापाची बाजू होती, म्हणून मी मध्ये पडलो. अंतर मोजायचं कशावरून, चाकावरून की उपग्रहावरून, हे आधी ठरवू. मग कुठली वायर कुठे जाईल ते आपोआप ठरेल.

चाक आणि उपग्रह दोघंही चुकतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. जीपीएस ठरावीक वेळाने आपली जागा टिपतो आणि मधलं अंतर सरळ रेषेत धरतो, त्यामुळे घाटातल्या आवळ वळणाचा कोपरा थोडा कापला जातो. अंतर सपाट नकाशावर मोजलं तर चढाची लांबी सुटते. दहा टक्के चढाला हा फरक अर्धा टक्का, वीस टक्क्यांना दोन टक्के. उलट बाजूने, डोंगराच्या भिंतीवरून किंवा घोडबंदरच्या उंच टॉवरवरून परावर्तित होऊन आलेले सिग्नल जागा डळमळवतात, आणि चहाच्या टपरीवर उभी असलेली बाईकसुद्धा पडद्यावर काही मीटर हिंडून येते. चाकाला यातलं काहीच होत नाही. त्याचा परीघ मात्र नीट मोजलेला असावा लागतो, आणि ते चिखलात फुकट फिरता कामा नये.

समोरचे पर्याय

फोनच ठेवायचा, चांगला कंपनरोधक माउंट आणि पाणीरोधक केस घेऊन, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. नकाशाचं काम त्याने भागलं असतं, अंतराचं नाही.

दुसरा मार्ग, मोटरसायकलसाठीचा खास नेव्हिगेटर. पावसात चालतो, हातमोजे घालून वापरता येतो, मोठा पडदा. पण अंतर पुन्हा उपग्रहाचंच, आणि किंमत युनिटच्या कितीतरी पट. तो तिथेच बाद झाला.

तिसरा पर्याय मालकाच्या मनात घर करून बसला होता. मूळ मीटर काढून त्या जागी हे युनिट. दिसायला अगदी रॅलीची बाईक. काकांनी तो ऐकताक्षणी उडवला, आणि त्यांचं कारण नुसतं कायद्याचं नव्हतं. इंजिनाचा बिघाड दाखवणारा दिवा, एबीएसचा दिवा, न्यूट्रल, हाय बीम, पेट्रोलचा काटा, हे सगळं मूळ मीटरमध्ये. तो काढला की बाईक चालेल, पण ती आजारी पडली तर सांगणार कोण? ओडोमीटरचा आकडाही तिथेच थांबणार; पुढे विकताना गिऱ्हाईक पहिला संशय त्यावरच घेतं. कायद्याची बाजू वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला चालू स्पीडोमीटर लागतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला.

म्हणून चौथा पर्याय घेतला. मूळ मीटर जागच्या जागी, युनिट त्याच्या वर वेगळ्या ब्रॅकेटवर. सोबत काकांनी अट घातली: मूळ वायरिंगची एकही वायर कापायची नाही. जे लावू ते एका सकाळीत काढता आलं पाहिजे. ही अट पुढे बरीच कामाला आली.

ब्रॅकेट

यावर फार लिहिण्यासारखं नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग वागळे इस्टेटमध्येच लेझर कटिंग करून घेतलेली तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी. ती हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टवर, मध्ये रबरी ग्रोमेट घालून. बोल्टांना थ्रेड लॉक, नटांना नायलॉक. पाहण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर ब्रॅकेट टाकीला किंवा वायझरला लागत नाही ना, आणि उभं राहून चालवताना पडदा दिसतो ना. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. ऑफ-रोडला माणूस बसलेला कमी, फूटपेगवर उभाच जास्त. सीटवर बसून ठरवलेला कोन उभं राहिल्यावर निकामी होतो. इथे मालकाला सेंटर स्टँडसारख्या आधारावर चढवलेल्या बाईकवर उभं करून कोन ठरवला.

चाकाचा सेन्सर: पहिला मोठा निर्णय

युनिटसोबतच्या कागदावर सरळ लिहिलं होतं: पुढच्या ब्रेक डिस्कचा एक बोल्ट काढा, त्या जागी मॅग्नेटवाला बोल्ट लावा, सेन्सर कॅलिपरजवळ (डिस्क दाबणाऱ्या पकडीजवळ) बसवा. बिनएबीएसच्या बाईकला हे उत्तमच. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे या बाईकच्या डिस्कजवळ आधीच खाचांची एक रिंग फिरते आणि तिच्या समोर एबीएसचा सेन्सर बसलेला असतो. त्याच्या शेजारून दर फेऱ्याला एक जोरदार मॅग्नेट फिरवायचा?

काही झालं नसतं, असंही असू शकतं. एबीएसचा दिवा लागून ते बंद पडलं असतं, असंही असू शकतं. पण पाहायचं कसं? गॅरेजच्या आवारात नीट चाललं म्हणून घाटउतारावर ओल्या डांबरावर चालेल, याची खात्री कोण देणार? ब्रेकशी संबंधित जागेवर ‘बघू काय होतं’ हा प्रयोग करायचा नाही, एवढं लगेच ठरलं.

मागचं चाक सुचवण्यात आलं. तिथे जागा भरपूर, एबीएस नाही. मोजमापाच्या बाजूने मी त्याला विरोध केला. मागचं चाक हे ओढणारं चाक. भाताच्या बांधाशेजारच्या चिखलात ते जागच्या जागी दहा फेरे मारतं आणि युनिट इमानेइतबारे वीस मीटर पुढे सरकतं. ज्या रॅलीसाठी हे सगळं चाललंय ती पावसाळ्याच्या शेवटाला होती.

मार्ग काकांनीच काढला, तोही सायकलवरून. सायकलच्या स्पीडोमीटरला स्पोकवर बसणारा छोटा मॅग्नेट येतो. तसा मॅग्नेट पुढच्याच चाकाला, पण डिस्कच्या विरुद्ध बाजूच्या स्पोकवर, हबच्या अगदी जवळ. सेन्सर त्या बाजूच्या फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) पायावर क्लॅम्पने. मॅग्नेट आणि सेन्सरमध्ये तीन मिलिमीटर अंतर. हबजवळ ठेवल्याने मॅग्नेटवर भिरकावला जाण्याचा जोर कमी, आणि एबीएसच्या रिंगपासून तो हबच्या पूर्ण रुंदीएवढा लांब. वायर ब्रेकच्या नळीच्या धाटणीने वर नेली, आणि बांधण्याआधी पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांबवून, मग पट्ट्याने पूर्ण दाबून पाहिला. दोन्ही टोकांना वायरला ढील हवी. ताणलेली वायर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तुटते.

परीघ

युनिटमध्ये चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरायचा असतो. ९०/९०-२१ या टायरचं गणित कागदावर सोपं आहे: व्यास साधारण ६९५ मिलिमीटर, परीघ २१८५. मालक हाच आकडा भरून मोकळा होणार होता. पण रस्त्यावरचा टायर माणसाच्या वजनाने खाली दबतो. रविवारी सकाळी वागळे इस्टेटचा आतला रस्ता रिकामा असताना टायरवर आणि रस्त्यावर खडूची खूण केली, मालक रायडिंगचा सगळा पोशाख चढवून बाईकवर बसला, आणि बाईक दहा फेरे सरळ ढकलली. अंतर भरलं २१.३८ मीटर. म्हणजे परीघ २१३८. कागदावरच्या आकड्यापेक्षा ४७ मिलिमीटरने कमी. साठ किलोमीटरच्या मार्गावर यातून जवळजवळ १.३ किलोमीटरचा फरक पडला असता.

मग कच्च्या रस्त्यासाठी ठेवतो तसा हवेचा दाब १८ पीएसआयपर्यंत उतरवला आणि पुन्हा मोजलं. आणखी १२ मिलिमीटर कमी. साठ किलोमीटरला सुमारे साडेतीनशे मीटर. म्हणून दाब आधी ठरवायचा, परीघ नंतर मोजायचा, आणि रॅलीच्या दिवशी पेट्रोल पंपावर हवा ‘थोडी मारून’ घ्यायची नाही.

करंट कुठून घ्यायचा: दुसरा निर्णय

पहिल्यांदा काकांनी सगळ्यात जवळचा रस्ता घेतला: हेडलाइटच्या कनेक्टरला मधला जोड लावून तिथून पॉझिटिव्ह. वायर कापली नाही, चावी बंद केली की युनिट बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. गॅरेजात झकास चाललं.

चाचणीला टोकावड्याच्या पुढच्या एका चढावर त्यातली खोट उघडी पडली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. या बाईकमध्ये त्या वायरला करंट येतो तो इंजिन चालू झाल्यावर. चिखलाच्या चढावर इंजिन बंद पडलं की युनिटही बंद. पुन्हा स्टार्ट केलं की युनिट पहिल्यापासून सुरू, उपग्रह शोधत बसलेलं, आणि शेवटच्या टप्प्याचं अंतर गायब. रोडबुकवर चालणाऱ्यासाठी याहून वाईट वेळ नाही. त्याच चढावर इंजिन वारंवार बंद पडतं आणि त्याच चढानंतर वळण असतं.

दुसरा पर्याय, चावीवर चालणारी रिले, म्हणजे चावी फिरवली की बॅटरीचा करंट जोडणारा स्विच. इंजिन बंद पडलं तरी युनिट चालू राहील. पण सेल्फ मारताना छोट्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर बरंच खाली जातं आणि काही युनिट त्या धक्क्याने पुन्हा सुरू होतात. हे तपासलं तर आपलंही होत होतं. कधी कधी. ‘कधी कधी’ होणारा दोष तर जास्तच त्रासदायक.

तिसरा पर्याय, थेट बॅटरी. मध्ये बॅटरीच्या शेजारी फ्यूज, अर्थिंग चेसिसला न देता सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. व्होल्टेजचा धक्का इथे सर्वात कमी बसतो, आणि चाक फिरणं थांबलं की युनिट स्वतःच झोपतं. पण झोपेतही ते थोडा करंट खातं. मल्टिमीटर लावून पाहिलं, सुमारे पाच मिलिअँपिअर. वाटतो किरकोळ. महिनाभर उभ्या बाईकमध्ये तो ३.६ अँपिअर-तास होतो, आणि अशा बाईकच्या बॅटरीची एकूण ताकद चार-सहा अँपिअर-तासांची. मालक कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेला तर परतल्यावर सेल्फ लागणार नाही.

शेवटी थेट बॅटरी, आणि सीटखाली त्याच वायरवर एक पाणीरोधक स्विच. रोजच्या वापरात चालू, लांब गावाला जाताना बंद.

आरपीएम आणि तापमान

आरपीएमची वायर प्लगच्या जाड वायरीभोवती चार वेढे घालून बसवतात. पहिल्याच वेळी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता, तीन हजार आकडा आला, मूळ मीटरवर दीड हजार. फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडरमध्ये ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच लागते, पण बऱ्याच इंजिनांत ती प्रत्येक फेऱ्याला पडते आणि त्यातली निम्मी वाया जाते. युनिटच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक फेऱ्याला एक’ निवडल्यावर आकडा जुळला. ही वायर जीपीएस आणि चाकाच्या सेन्सरच्या वायरींपासून दूर, टाकीच्या दुसऱ्या बाजूने नेली. प्लगच्या वायरीतला गोंगाट शेजारच्या वायरीत उतरतो आणि मग उभ्या बाईकचा वेग ताशी ४० दिसतो.

तापमानाची चकती लावलीच नाही. ती प्लगखाली बसते, त्यासाठी प्लगचा मूळ वॉशर काढावा लागतो. शिवाय तिथला आकडा किती असला म्हणजे काळजी करायची, याचा या इंजिनासाठी कुठलाच आधार हाताशी नव्हता. ज्या आकड्याचा अर्थ कळत नाही तो पडद्यावर असला की रायडर रस्त्याऐवजी त्याच्याकडे बघतो. ती जागा झाकण लावून बंद केली.

परिणाम

रॅलीत सुरुवातीला आयोजकांनी नेहमीप्रमाणे मोजमाप जुळवण्याचा टप्पा ठेवला होता. रोडबुक म्हणत होतं ८.४० किलोमीटर, युनिट म्हणालं ८.३६. मालक थोडा घुटमळला. आपण खडूने मोजलंय, मग आपलंच बरोबर नाही का? रॅलीपुरतं आयोजकाचं मोजमाप हेच बरोबर, कारण गुण त्यावर मिळतात. त्याने परीघ २१३८ वरून २१४८ केला. तिथून शेवटापर्यंत चौकटी तीस मीटरच्या आत जुळत गेल्या.

जीपीएसची गरज एकदाच पडली, पण ती खरी होती. एका ओढ्यावरची फरशी पाण्याखाली होती, फिरून जावं लागलं. त्या फेऱ्यात चाकाचं अंतर रोडबुकपासून सुटलं आणि गल्लीबोळातून मूळ रस्त्यावर कुठे येतोय ते कळेना. पडद्यावर स्वतःच्या मागची वाट दिसत होती, तिच्या दिशेने तो परत आला. रोडबुकातली पुढची ओळखीची खूण, एक मारुतीचं देऊळ, दिसल्यावर अंगठ्याजवळच्या बटणाने अंतर त्या चौकटीएवढं केलं आणि पुढे निघाला. क्रमांक मधलाच आला. वेळेचा हिशेब त्याने दोनदा चुकवला, त्यात युनिटचा काही हात नव्हता.

एबीएसचा दिवा एकदाही लागला नाही. पावसात युनिटच्या आत वाफ धरली नाही. कनेक्टर तोंड खाली करून, त्यात डायलेक्ट्रिक ग्रीस भरून, वायरीला खाली झोळ देऊन बसवले होते, त्याचा फायदा झाला असावा.

काय वेगळं करता आलं असतं

युनिट विकत घेण्याआधी ‘नेमकं काय पाहिजे’ हा काकांचा प्रश्न विचारला गेला असता तर तापमानाचा सेन्सर आणि अर्धी सेटिंग्ज नसलेलं साधं, फक्त चाकावर चालणारं मीटर आणि नकाशासाठी जुना फोन खिशात, एवढ्यावर भागलं असतं. खर्चही कमी. मालकाला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, ओढ्याच्या वेळी खिशातला फोन काढून, हातमोजे उतरवून, पावसात पासवर्ड टाकत बसलो नसतो. त्यात तथ्य आहे.

करंटची चाचणी गॅरेजच्या दारात मुद्दाम इंजिन बंद पाडून, पुन्हा पुन्हा सेल्फ मारून करता आली असती. त्यासाठी टोकावड्यापर्यंत जायची गरज नव्हती. अशी चाचणी दहा मिनिटांची असते, आणि वायरिंगचं कुठलंही काम झालं म्हणण्याआधी ती व्हायला हवी.

युनिट काढून नेता येईल असा झटपट माउंटही आधीच करायला हवा होता. ठाणे स्टेशनजवळ बाईक लावायची वेळ आली तेव्हा मालकाला युनिट उघडं सोडून जायची हिंमत झाली नाही. नंतर ब्रॅकेट पुन्हा कापून घ्यावा लागला.

सीटखालच्या स्विचवर काकांचं आणि मालकाचं अजून एकमत नाही. काका म्हणतात, “अहो, सीट काढून स्विच बंद करायला कोण लक्षात ठेवणार? व्होल्टेज खाली गेलं की आपोआप तोडणारं मॉड्यूल टाका, लक्षात ठेवायची भानगडच नाही.” मालकाला आणखी एक इलेक्ट्रॉनिक डबी नको आहे, पावसात आधी तीच मरेल असं त्याला वाटतं. सध्या स्विचच आहे, आणि मल्टिमीटरने बॅटरी तपासायचं काम काकांनी सर्व्हिसिंगच्या यादीत स्वतःच घालून ठेवलंय.